सातव्या दिवसाचा पहारा

जरा पुढं सरकून बसा, मायबाप. देगलूरकडच्या एका सप्त्यातली गोष्ट सांगतो, मन लावून ऐका.

रामकिशनबापूंनी चहाची बशी तोंडाला लावली, ती मुद्दामच सावकाश. मंडपात व्यंकटीचा पहारा संपून पाव तास झाला होता. आता वीणा बापूंनी घ्यायची. पण ते लिंबाखाली बसूनच राहिले. उभा राहू दे लेकाला. खांदा भरून येऊ दे.

सात दिवस वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. भुईला टेकली की सप्ताह मोडला. सातव्या दिवशीच्या सकाळचा पहारा मोठ्या मानाचा, आणि बावीस वर्षं तो बापूंचा होता. औंदा महाराज म्हणाले, "बापू, तुम्ही थकलात आता. व्यंकटीचा गळा गोड हाय." बापूंना नंतरचा तासभर दिला. उष्ट्या पत्रावळीवर वाढल्यासारखा.

सगळं गाव दिंडीत गेलं होतं. आचारी पाणी आणायला गेलेले. भट्टीपाशी म्हातारी सिद्धम्मा एकटीच वरण ढवळत होती. वाऱ्याचा झोत आला, तिचा पदर जाळात गेला, आणि ती किंचाळली.

व्यंकटीनं मंडपातून हाक मारली.

"बापू! ओ बापू!"

बापू ताडकन उठले. व्यंकटीनं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं, गळ्यातली वीणा काढली, खांबाशी भुईवर ठेवली आणि भट्टीकडं धावला.

बापूही धावले. लिंबापासून भट्टी दहा पावलं, मंडप चाळीस.

त्यांनी वीणा उचलली, उपरण्यानं भोपळ्याची माती पुसली, गळ्यात अडकवली आणि नामाचा सूर धरला. दम लागला होता, पण आवाज खणखणीत होता.

दिंडी परतली तेव्हा बापूंनीच सांगितलं.

"भुईवर ठेवली व्हती त्यानं. म्या उचलली."

मंडपात कुजबुज झाली. महाराजांनी आपल्या गळ्यातला हार काढून बापूंच्या गळ्यात घातला.

"तुम्ही लगेच उचलली म्हणून गावाची लाज राहिली. व्यंकटी, म्हातारी वाचली, चांगलं झालं. पण नेम म्हणजे नेम असतो बाबा. पुढच्या साली पहारा न्हाई."

"हाव महाराज. चुकलं माझं," व्यंकटी म्हणाला. त्याचे दोन्ही तळवे ओल्या फडक्यात गुंडाळलेले होते.

बाजेवरून सिद्धम्मानं मान उचलली. पिंढरी भाजली होती, पण जीभ शाबूत होती.

"माझं लुगडं गेलं, ह्याचा पहारा गेला. बरी जोडी जमली."

"अव्वा, पडून ऱ्हा गप," कुणीतरी हसत म्हणालं.

तिची नजर फिरत बापूंवर थांबली. हार पाहिला, वीणा पाहिली. मग ती लिंबाकडं वळली.

"तुमचा चहा तसाच राहिला की वो, बापू."

बापूंनी तिकडं पाहिलं. बशीत मुंग्या लागल्या होत्या.

काल्याचं कीर्तन झालं, हंडी फुटली. लोक लाह्या-दह्यासाठी ओंजळी पुढं करू लागले. व्यंकटीला ओंजळ करता येईना. सिद्धम्मानं त्याला बाजेपाशी बोलावलं आणि आपल्या वाट्याचा काला त्याच्या तोंडात घातला. तो लाजला. दही त्याच्या मिशीला लागलं तसं तिनं बोटानं पुसलं.

बापू ते टक लावून बघत होते. महाराज काला घेऊन पुढ्यात उभे राहिले तरी त्यांना कळलं नाही.

"बापू, हात पुढं करा."

बापूंनी हात पुढं केले. गोरेगोमटे, गुळगुळीत, कुठं एक फोड नाही. त्यांनी ते झटकन उपरण्याखाली ओढून घेतले.

तर मायबाप, सप्त्यात विणेकरी दिसला तर त्याच्या पाया जरूर पडा. पण पडताना लिंबाखालच्या त्या माणसाची आठवण ठेवा. त्या दिवशी हात रिकामे होते ते त्याचे.