काका लागत नाहीत

ज्याच्याविरुद्ध तक्रार केली त्यालाच आपल्या गाडीत बसवून सुनावणीला न्यायची वेळ देवयानीवर आली, ती लताकाकूंच्या सकाळच्या फोनमुळे.

"अगं, ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ड्रायव्हिंग बंद आहे. तू तिकडेच चाललीयेस ना? मग आमच्या टूनगॅबीवरूनच जा की."

तिकडेच चालली होती खरी. नाही म्हणायला कारण सापडेना.

प्रल्हाद खांबेटे हे टूनगॅबी उपनगरातल्या यच्चयावत मराठी माणसांचे काका. देवयानी स्टुडंट व्हिसावर आली तेव्हा तिला पहिली खोली काकांनी मिळवून दिली, पहिली भाकरी काकूंनी वाढली. या भाकरीची आठवण काका अधूनमधून, सहज म्हणून, करून देत. पुढे तिने स्कोफिल्ड्सला भाड्याचं किचन घेऊन केटरिंग सुरू केलं, आणि काकांच्या एकसष्टीची दीडशे पानांची ऑर्डर अर्थातच तिला मिळाली.

पैसे काकांनी स्टेजवर दिले. चेकने. या देशातलं शेवटचं चेकबुक बहुधा त्यांच्याच कपाटात असावं. चार हजार एकशे एक डॉलर; वरचा एक शकुनाचा. फोटो निघाला, टाळ्या झाल्या. चेक वटला नाही. शकुनही परत आला.

तेव्हापासून ती फोन करत होती.

"काका, तो चेक…"

"अगं हो, बँकेचा काहीतरी घोळ आहे. तू जेवलीस का?"

दर वेळी ती जेवलेली असे, आणि संभाषण तिथेच संपे. इकडे किचनच्या मालकाने बजावलं होतं, महिनाअखेरपर्यंत थकलेलं भाडं आलं नाही तर कुलूप बदलेन. त्याला ती जेवली की नाही याच्याशी काही कर्तव्य नव्हतं.

मग कुणीतरी कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, योजना सांगितली. छोट्या धंदेवाल्याचा चेक परत आला की कौन्सिल दोघांना समोरासमोर बसवतं, पैसे परत करण्याचा करार लिहून घेतं, शिक्का मारतं. शिक्का बसला की करार मोडणाऱ्याची गाठ थेट कोर्टाशी. वकील नको, फी नको. देवयानीने फोनवरून सगळी हकिगत सांगितली होती आणि ट्रेसी नावाच्या अधिकारी बाईंनी ती शब्दन् शब्द टिपून घेतली होती.

शब्दन् शब्द, हीच अडचण झाली.

"एक छोटीशी शंका आहे," ट्रेसी म्हणाली. टेबलापलीकडे देवयानी आणि काळा चष्मा लावलेले काका शेजारीशेजारी बसले होते, लग्न ठरवायला आल्यासारखे. "फोनवर तुम्ही यांना सारखं 'काका' म्हणत होतात. मला वाटलं आडनाव असेल. मग मी शोधलं. काका म्हणजे वडिलांचा भाऊ!" नुकतंच सांस्कृतिक प्रशिक्षण झालेल्या माणसाचं तेज तिच्या चेहऱ्यावर होतं. "नातेवाइकांचे चेक या योजनेत बसत नाहीत. ते फॅमिली काउन्सेलिंगकडे जातात. तिथे सध्या सात महिन्यांचं वेटिंग आहे."

"ते माझे काका नाहीत," देवयानी घाईघाईने म्हणाली.

काळा चष्मा तिच्याकडे वळला. "काय म्हणालीस?" हे मराठीत.

"म्हणजे काका आहात हो. पण काका लागत नाही."

"हे तिला इंग्रजीत सांग बघू."

तिने प्रयत्न केला. ते अंकल आहेत, पण माझे अंकल नाहीत, असं काहीतरी झालं. ट्रेसीने पेन खाली ठेवलं.

"आमच्यात वयाने मोठ्या माणसाला काका म्हणतातच," देवयानी म्हणाली. "भाजीवाल्यालासुद्धा."

"म्हणजे आता मी भाजीवाला?"

"काका, प्लीज!"

"हे बघा, पुन्हा म्हणालात," ट्रेसी म्हणाली. मग काकांकडे वळून, "तुमचं काय म्हणणं आहे, सर?"

काकांनी चष्मा काढला, डोळ्यातलं ऑपरेशनचं पाणी टिपलं, त्याचा जो परिणाम व्हायचा तो होऊ दिला आणि म्हणाले, "मी हिला मुलगी मानतो."

ट्रेसीने काय टाइप केलं ते दिसलं नाही, पण ते बरंच लांब होतं.

शेवटी एक मार्ग निघाला. आमच्यात कोणतंही कौटुंबिक नातं नाही असं देवयानीने लिहून द्यायचं.

"कर, कर सही," काका मराठीत म्हणाले. "माझं काय जातंय? फक्त आमच्या सावनीच्या डोहाळजेवणाला कुठल्या तोंडाने येशील तेवढं सांग. ऐंशी पानांची ऑर्डर काकूने तुलाच दिलीय."

"आणि पैसे? चेकने?"

"मग काय, घरच्या कार्याला रोकडा मोजू?"

बदललेलं कुलूप देवयानीच्या डोळ्यांसमोर आलं. तिने सही केली. पुढचा कागद काकांपुढे सरकवला गेला: पूर्ण रक्कम, दोन आठवड्यांत, बँक ट्रान्सफरने. काकांनी तो नाकाशी धरून वाचला आणि, अख्ख्या टूनगॅबीचा भार आपल्याच माथी असल्यासारखा निःश्वास टाकून, सही केली. शकुनाच्या डॉलरसकट. ट्रेसी म्हणाली, "लव्हली," आणि शिक्का शोधू लागली.

काका उठले. कुणाकडेही न बघता ताठ मानेने दाराकडे निघाले. दाराशी एक पायरी होती, काळ्या चष्म्यातून न दिसणारी.

"काका! पायरी!" देवयानी ओरडली आणि धावत जाऊन तिने त्यांचा दंड धरला.

काका वाचले. मागे ट्रेसीचा हात शिक्क्यासकट हवेतच थांबला होता.

"आत्ता काय म्हणालात?"

देवयानी दंड सोडायला गेली. काकांनी मात्र दंडावरच्या तिच्या हातावर प्रेमाने थोपटलं आणि स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "अंकल म्हणाली."

शिक्का ड्रॉवरमध्ये परत गेला.

"चल," काका म्हणाले, "काकू जेवायची थांबलीय."