योरिसचं हाड

"डाव्या पायानं लंगडायचा," जाऊबाई म्हणाल्या, आणि पाहुण्याचा चमचा लापशीत तसाच थांबला.

मी समोर बसले होते म्हणून मला दिसलं. जाऊबाईंना दिसलं की नाही देव जाणे, त्या आपल्या बोलतच होत्या. "नऊ वर्षांचा असताना गवताच्या गंजीवरून पडला. हाड वाकडं जुळलं ते जुळलंच. माझा भाऊ, योरिस नाव. सतराशे ब्याऐंशीच्या हिवाळ्यात तुमच्याच जहाजावर होता. आठवतोय का बघा बरं."

पाहुण्याचं नाव इफ्रेम टारबेल. कनेक्टिकटचा, साठीला टेकलेला, तोंडात मोजून चार दात. लढाईत इंग्रजांनी कैदी कोंडले होते त्या जहाजावरून जिवंत उतरलेल्या थोडक्यांपैकी तो एक. न्यूयॉर्कच्या बड्या लोकांनी मंडळ काढलं होतं. किनाऱ्यावरची कैद्यांची हाडं तेरा पेट्यांत भरायची, तेरा राज्यांच्या तेरा पेट्या, आणि वाजतगाजत नव्या थडग्याच्या तळघरात नेऊन ठेवायची. मिरवणूक परवावर आली होती. जुन्या कैद्यांना तिच्यात चालायला बोलावलं होतं, आणि गावात घरोघर एकेकाची सोय केली होती. आमच्या वाट्याला हा आला.

"बाई, हजार माणसं होती जहाजाच्या पोटात," तो म्हणाला. "अंधारात कोणाची तोंडं दिसायची?"

"लंगडणारे काही हजार नसतील."

"ते नसतील," तो म्हणाला, आणि खाली मान घालून लापशी खाऊ लागला.

मी या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा इंग्रजांशी स्वातंत्र्याची लढाई संपून तीन वर्षं झाली होती. जहाज आमच्या खाडीत चिखलात रुतून कुजत होतं. गोठ्याच्या दारात उभं राहिलं की समोर दिसायचं. जाऊबाईंनी ते माणसांनी भरलेलं पाहिलं होतं. सकाळ झाली की वरून इंग्रज पहारेकरी ओरडायचा, बंडखोरांनो, आपली मढी वर काढा. वारा इकडचा असला तर ते चुलीपाशी ऐकू यायचं. मग होडी किनाऱ्याला लागायची, आणि कैदीच कैद्यांना वाळूत पुरून परत जायचे. आपला सख्खा भाऊ हाकेच्या अंतरावर आणि घरात इंग्रज शिपायांचा मुक्काम. भाकरीचा तुकडा पाठवायची सोय नव्हती. होडीतून उतरणाऱ्यांत एखादा लंगडतोय का, एवढंच त्या गोठ्याच्या फटीतून बघत राहायच्या.

लढाई संपली. योरिस आला नाही. पुढे भरतीनं वाळू धुपायला लागली आणि हाडं उघडी पडली. गावातले लोक वळसा घालून जायचे. जाऊबाई मात्र ओहोटी लागली की टोपली घेऊन निघायच्या. मी काही हळवी बाई नाही, खरं ते सांगते. माळ्यावर सफरचंदांची पिंपं ठेवायची तिथे यांनी माणसांची हाडं ठेवली. मी नवी नवरी, जिना चढताना अंगावर काटा यायचा. खाली उतरून नवऱ्याशी भांडायचे. तो म्हणायचा, वहिनीला काही बोलू नकोस.

लढाईनंतर पाचव्या वर्षी त्यांना एक नडगी सापडली. वाकडी जुळलेली. ती काही माळ्यावर गेली नाही. आमच्या लोकांत मुलगा वयात आला की आई त्याच्या मरणाचा सदरा शिवून कपाटात ठेवते, चांगल्या तागाचा. योरिसचा आईमागे जाऊबाईंकडेच ठेवलेला होता. जाऊबाईंनी नडगी त्यात गुंडाळली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी "आमचा योरिस घरी आहे" असंच. गावात कोणी कोणी कुजबुजायचं, तो मेलाच नाही, इंग्रज राजाच्या फौजेत गेला म्हणून. जाऊबाईंच्या कानावर आलं की त्या एवढंच म्हणायच्या, "या घरी, दाखवते." कोणी आलं नाही. वीस वर्षं ती बाई त्या एका हाडावर जगली. नवरा गेला, मूल झालं नाही, त्या हाडाला मात्र दर वसंतात सदरा धुऊन मिळायचा.

बाकीची हाडं गेल्या महिन्यातच मंडळाच्या स्वाधीन झाली होती. हे एक तेवढं उरलं होतं. परवाच्या मिरवणुकीत तेही जायचं होतं. योरिसला वाजतगाजत निरोप, देशाच्या माणसांत जागा. गावाची तोंडं एकदाची बंद होतील, एवढंच जाऊबाईंना हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धार काढत असताना इफ्रेम गोठ्यात आला. खाडीकडे बघत उभा राहिला.

"कुठे होतं ते जहाज?" त्यानं विचारलं.

"तो चिखलाचा उंचवटा दिसतोय ना, तिथे. आता काही उरलं नाही."

"मढी पुरायला मला एकदा इथे किनाऱ्यावर आणलं होतं," तो म्हणाला. "परत जाताना मी गवताचं ढेकूळ उपटून नेलं. हातभर. खाली कोंडलेल्यांनी रात्रभर एकमेकांकडे दिलं, नुसतं हुंगायला. योरिस म्हणाला, हे माझ्या बहिणीच्या कुंपणाजवळचं आहे."

माझा हात थांबला. गाय पाय आपटायला लागली.

"म्हणजे आठवतो तुम्हांला."

"माझ्या शेजारीच झोपायचा. जानेवारीत राजाचा माणूस कागद घेऊन आला. सही करा, फौजेचा कोट घाला, जमैकाला चला, पोटभर खा. बहुतेकांनी थुंकलं त्या कागदावर. योरिसनं सही केली. जाताना त्याची घोंगडी मला दिली. ती मिळाली नसती तर मी त्याच आठवड्यात वाळूत गेलो असतो." तो माझ्याकडे बघेना. "मला त्याला नावं ठेवता येत नाहीत बाई. आणि चांगलंही म्हणता येत नाही."

मी बादली बाजूला ठेवली. खरं सांगू, मला पहिल्यांदा त्याचाच राग आला. एवढ्या घरांतून हा आमच्याच घरी का यावा? मग मी त्याला म्हटलं, "हे बघा. त्यांनी परत विचारलं तर मेला म्हणून सांगा. तापानं मेला, माझ्या डोळ्यांदेखत, असं."

"खोटं?"

"एक वाक्य. त्या साठीच्या आहेत. तुमचं काय जातं त्यात?"

तो परत खाडीकडे वळला. मग म्हणाला, "त्या घोंगडीसाठी सांगेन." मला वाटलं, चला, निभावलं.

दुपारच्या जेवणाला जाऊबाईंनी विचारायच्या आतच त्यानं सांगून टाकलं. आठवला म्हणाला. तापानं गेला, हाल झाले नाहीत. जाऊबाईंनी ऐकून घेतलं, त्याला आणखी एक वाटी वाढली, आणि कपाटातून सदरा काढून इस्त्री करायला बसल्या. जन्मात पाहिल्या नव्हत्या एवढ्या त्या हलक्या दिसत होत्या.

तिसऱ्या प्रहरी आम्ही तिघं किनाऱ्यावर गेलो. मंडळाचा तंबू होता, आत तेरा पेट्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येकीवर राज्याचं नाव रंगवलेलं. कोणतं हाड कोणत्या राज्याचं हे बापजन्मी कोणाला कळणार नव्हतं. तरी दोन माणसं पेट्या उचलून उचलून बघत होती आणि इथलं तिथे घालत होती. एकही राज्य दुसऱ्यापेक्षा हलकं भरता कामा नये, असा मंडळाचा हुकूम होता म्हणे. मला हसूच आलं असतं, पण जाऊबाई शेजारी होत्या.

चष्मा लावलेला एक तरुण चिटणीस पुढे आला. जाऊबाईंनी सदरा उलगडला, नडगी दाखवली, आणि नाव सांगितलं. चिटणीस मोहरलाच.

"नाव आहे? आमच्याकडे नाव असलेला एकही नाही हो मावशी. सगळे निनावी. उद्या भाषणात याचा उल्लेख होईल. न्यूयॉर्कच्या पेटीवर पितळी पट्टी ठोकू, नाव कोरून."

"कोरा," जाऊबाई म्हणाल्या.

"फक्त तो त्या जहाजावरच वारला हे पाहिलेला कोणी हवा. नाहीतर उद्या कोणीही काहीही घेऊन येईल."

"हे आहेत ना. हे त्याच्याजवळ होते."

चिटणिसानं मेजावरचं बायबल इफ्रेमपुढे सरकवलं. "बरं झालं. हात ठेवा आणि म्हणा, देवाला स्मरून सांगतो की."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या गावात कोणी कोणाकडून शपथ घेत नाही, तोंडचा शब्द चालतो. इफ्रेमनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, दुसरं काय करणार? उपाशी मरत असताना ज्यानं एक खोटी सही केली नाही, त्याला मी म्हातारपणी खोट्या शपथेला उभं केलं होतं. माझीच मला लाज वाटली.

त्यानं हात ठेवला. "देवाला स्मरून," तो म्हणाला. पुढे शब्द येईना. परत म्हणाला, "देवाला स्मरून." हात बायबलावर तसाच ठेवून तिसऱ्यांदाही तेवढंच म्हणाला. पेट्या उचलणारी माणसं काम सोडून बघू लागली.

जाऊबाई त्याच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वर बघवेना. जे कळायचं ते त्यांना त्या दोन नजरांत कळलं. त्यांनी पुढे होऊन इफ्रेमचा हात मनगटाला धरून उचलला आणि बाजूला केला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "या वयात कशाला अंगावर घेता."

चिटणीस गोंधळला. "म्हणजे हा तो नाही?"

"नाही."

"मग हे हाड कोणाचं आहे?"

"मला काय ठाऊक? कुठेतरी त्याच्या घरचे वाट बघत असतील," जाऊबाई म्हणाल्या. "नाव लिहू नका."

चिटणिसाचा चेहरा उतरला. पेट्यांपाशी जाऊन तो माणसांशी कुजबुजला आणि परत आला. "डेलावेअर जरा हलकी आहे. तिच्यात ठेवतो. तुमचं कापड घेऊन जा मावशी, चांगल्या तागाचं आहे."

"असू दे. उघडा कसा जाईल तो?"

त्यांनी स्वतः सदरा परत नीट गुंडाळला, बाह्या आत दुमडल्या, आणि पेटीत ठेवला. आईनं योरिससाठी शिवलेला सदरा घालून कोणीतरी परका डेलावेअरच्या पेटीत गेला. मला रडू फुटलं. जाऊबाईंच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

आम्ही परत निघालो. मी दोनदा "जाऊबाई" म्हटलं आणि पुढे काय म्हणावं ते सुचेना. त्यांनीच हात करून गप्प बसवलं. "तुला काय म्हणायचंय ते ठाऊक आहे मला, ट्रिन. घरी गेल्यावर बोल." इफ्रेम टोपी हातात घेऊन चार पावलं मागे चालत होता, शिक्षा झालेल्या माणसासारखा.

कुंपणाजवळ आल्यावर जाऊबाई थांबल्या. मागे न बघताच त्यांनी विचारलं, "आपल्या पायांनी गेला?"

"हो," इफ्रेम म्हणाला. "जानेवारीत, शिडी उतरून. जरा लंगडत. घोंगडी मला देऊन गेला."

"जिवंत असेल?"

"ते सांगता येत नाही. राजाच्या फौजेबरोबर जमैकाला गेलेले फार थोडे परत आले. आणि आला असता तरी त्या कोटानंतर इथे कसा येणार?"

"ते खरंच." त्या खाडीकडे बघत राहिल्या. समोर ओहोटी होती, चिखल चमकत होता. मला वाटलं आता चिडतील, शिव्या देतील, निदान विचारतील तरी, सव्वीस वर्षांत एक चिठ्ठी का नाही म्हणून. तेवढा हक्क होता त्यांचा.

"जानेवारी महिना होता म्हणालात," त्या म्हणाल्या. "घोंगडी तर तुम्हांला दिली त्यानं."

"हो बाई."

"तो कोट कसला होता?"

इफ्रेमला क्षणभर कळेना. "लाल होता. राजाचा."

"तसं नाही. लोकरीचा होता का? जाड?"

"जाड होता. नवाकोरा. गळ्यापर्यंत बटणं होती."

"मग थंडी नसेल वाजली त्याला," जाऊबाई म्हणाल्या, आणि तिथेच कुंपणाला धरून खाली बसल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना योरिससाठी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळची धार मीच काढली, आणि त्यांना उठवायला गेले नाही.