भिंतीवरच्या शेवाळाचे दोनशे सत्त्याण्णव संदर्भ

विद्यापीठाच्या ग्रंथपालाने आकडा वाचून दाखवला तेव्हा शेवाळबाईंना वाटलं, हा दुसऱ्याच कुणाचा तरी कागद आपल्या पुढ्यात ठेवतोय. बावीस वर्षं भिंतींवरचं शेवाळ तपासणाऱ्या बाईंना विभागात याच नावाने ओळखत, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. प्राध्यापकपदासाठी यंदाची संधी शेवटची होती. पुढच्या वर्षी वय आडवं येणार होतं. अट अशी, की अर्जदाराच्या लेखांचा संदर्भ इतर लेखांत किमान दोनशे वेळा आलेला असावा. बाई चाळीस-पन्नास धरून बसल्या होत्या आणि ग्रंथपाल सांगत होता, तीनशे एक्केचाळीस.

त्यातले दोनशे सत्त्याण्णव एकट्या एका लेखाचे. चौदा वर्षांपूर्वीचा, चार पानी, शेवाळ भिंतीला कसं धरून राहतं एवढंच सांगणारा. बाई आधी हुरळल्या आणि मग, स्वभावच तसा असल्याने, त्यांना शंका आली. त्यांनी संदर्भ देणारे दहा-बारा लेख उघडले. सगळीकडे एकच वाक्य: शेवाळ घासून काढलं की भिंत लवकर झिजते. पुढे कंसात बाईंचं आडनाव आणि साल.

बाईंनी स्वतःचा लेख काढून वाचला. वाक्य नव्हतं. तळटीपांसकट पुन्हा वाचला. चार पानांत वाक्य हरवून हरवणार कुठे, तरी तिसऱ्या खेपेला त्यांनी पट्टी धरून ओळ न् ओळ तपासली. आपण जे लिहिलंच नाही ते आपण लिहिलंय असं एवढी शिकलेली माणसं म्हणतात, तर नक्की डोकं कुणाचं फिरलंय, हे त्यांना कळेना.

ग्रंथपाल चिकाटीचा. त्याने हे सगळे लेख सालवार लावले आणि मागे मागे जात राहिला. प्रत्येकाने वाक्य आधीच्याकडून उचललं होतं. मूळ लेख उघडायची तसदी कुणी घेतली नव्हती. दुपारी तो पहिल्या लेखापाशी पोचला आणि चाचरत म्हणाला, "मॅडम, पहिला संदर्भ तुम्हीच दिलाय."

खरंच, त्या चार पानी लेखानंतरच्या वर्षी बाईंनीच लिहिलेल्या दुसऱ्या लेखात ते वाक्य होतं, आणि पुरावा म्हणून त्यांनी आपलाच जुना लेख दाखवला होता. का, ते काही केल्या आठवेना.

संध्याकाळी चहा घेताना त्यांनी नवऱ्याला सहज विचारलं, की अहो, आपण गच्चीची भिंत कधी घासत का नाही.

"तूच घासू देत नाहीस," तो म्हणाला. "तो गवंडी सांगून गेला ना, शेवाळ घासू नका, गिलावा सुटेल. तेव्हापासून मी ब्रश हातात घेतला की तू अंगावर येतेस."

मग लख्ख आठवलं. त्या वर्षी गच्ची गळत होती आणि गवंडी चार दिवस कामाला होता. त्याचं म्हणणं बाईंना पटलं, लेखात हवंसंही वाटलं. पण गवंड्याचा संदर्भ कसा द्यायचा हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तात्पुरता म्हणून त्यांनी आपलाच लेख टाकला, आणि तो बदलायचा राहून गेला. ते वाक्य खरं की खोटं, हे आजवर कुणीच तपासलं नव्हतं, बाईंनीसुद्धा. त्यांना मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रंथपालाला सगळं सांगितलं आणि हे दोनशे सत्त्याण्णव वजा करायला सांगितलं. त्याने अर्ज वरखाली पाहिला. स्वतःच स्वतःचे दिलेले संदर्भ वजा करायला रकाना होता, चुकीचे वजा करायला नव्हता. कोण बघायला येतंय, असंही तो हळूच म्हणाला. ते पद त्यांना हवं होतं, फार हवं होतं. शेवटी त्यांनी चव्वेचाळीस लिहिलं. 'संशोधनातले सहकारी' या रकान्यात लोक परदेशी विद्यापीठं लिहितात. तिथे त्यांनी लिहिलं, एक गवंडी. मग नियतकालिकाला चुकीची कबुली देणारं टिपण पाठवून दिलं.

अर्ज अपेक्षेप्रमाणे परत आला. महिन्याभराने ग्रंथपाल आला तो गोंधळलेला. टिपण छापून आलं होतं, आणि त्यात जुन्या लेखाचा उल्लेख असल्याने संदर्भांची गणती ठेवणाऱ्या मशीनने त्या लेखाचा आणखी एक संदर्भ मोजला होता. दोनशे अठ्ठ्याण्णव.

"मॅडम, हा आता कुणाचा धरायचा?"

"गवंड्याचा धरा," बाई म्हणाल्या.

त्याने गंभीरपणे पेन काढलं. "नाव काय त्याचं?"

चार दिवस तो माणूस त्यांच्या गच्चीवर होता. शेवाळाबद्दल बाईंनी त्याला विचारून विचारून भंडावलं होतं. तेवढं मात्र विचारलं नव्हतं.