मागून येणारी पसलर्ज़े

करमान शहराजवळच्या त्या गावात सकाळीच धरणी हादरली होती, आणि मी, सरकारी भूगर्भवाली, तडकलेल्या घरांतून लोकांना बाहेर काढत फिरत होते. गुलअंदाममावशी आणि तिचा म्हातारा सफदर अंगणात जाजम टाकून बसलेले दिसले. म्हटलं, चला, इथे तरी डोकेफोड नाही! उभ्याउभ्याच बोलले, "चहाबिहा काही नको हं मावशी, घाईत आहे."

झालं! आमच्याकडे पहिल्या 'नको'ला नको मानणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मावशी उठली आणि चहाच्या पाण्याचा समोवार पेटवायला तडक घरात शिरली. भिंतीला हात जाईल एवढी भेग, वर मातीचं जड छप्पर. मी अंगणातूनच हाक मारली.

"मावशी, बाहेर ये! पसलर्ज़े येणार आहे!"

"कोण येणार?" सफदरने विचारलं.

"पसलर्ज़े. पस म्हणजे मागून, लर्ज़े म्हणजे थरथर. मोठ्या धक्क्यामागून येणारा धक्का. पूर्वी परका शब्द वापरायचे, तो कुणाच्या बापाला कळायचा नाही. मग भाषापंडितांनी तुमच्याच तोंडातले दोन शब्द जोडले."

"मागून येते आणि उरलंसुरलं पाडते? माझी सासूच की!" म्हातारा हसला. मग त्याची नजर भेगेवर गेली. "गुली! बाहेर ये आधी!"

"साखर सापडत नाहीये," आतून आवाज आला. "पाहुणीला काय कोरडीच पाठवू?"

"खरंच नको गं, मावशी!"

"पुरे तुझे उपचार!"

सफदर काठी टेकत आत निघाला, त्याला मी दंडाला धरून मागे ओढलं. आता रागवायला लावल्याशिवाय ही बाई हलायची नाही. घसा फोडून ओरडले, "तुझ्या घरचा चहा माझ्या घशाखाली उतरायचा नाही! घाण वाटते मला!"

आतली भांडी गप्प झाली. मावशी बाहेर आली ती संतापाने लाल होऊन, हातात साखरेचा डबा. "माझ्या दारात उभी राहून मलाच बोलतेस? कुणाची गं तू कार्टी?" भांडत भांडत ती अंगण ओलांडून माझ्यासमोर आली, आणि पायाखालची जमीन सरकली.

छप्पर धाडकन खाली बसलं. धुळीत काही दिसेना. मावशी शेजारीच उभी असताना सफदर तिला हाका मारत राहिला.

"माफ कर, मावशी," मी तिचे हात धरले. "तू बाहेर यावंस म्हणून बोलले."

तिने ढिगाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिला रडू फुटलं.

"म्हणजे... घाण नाही ना वाटत तुला?"