प्लास्टिकवरून वाहणारं पाणी

गंगापूर रोडवरच्या त्या ऑफिसात कामाची परीक्षा सोपी होती. स्क्रीनवर मोरी हिरवी दिसली की पास, लाल दिसली की नापास. महामार्गाखालून पाणी जायला केवढी मोरी हवी, ते सॉफ्टवेअर सांगायचं. ऑफिस चालवणाऱ्या दिनेशसरांचा त्याच्यावर सख्ख्या भावापेक्षा जास्त विश्वास. अर्थात भाऊ त्यांनी पारखलेला होता.

निफाडकडची, स्वतःच्याच गावाजवळची मोरी तेजस्विनीनं हिरवी करून ठेवली होती. नकाशे आजच जायचे होते. तेवढ्यात तिच्या वडिलांचा, सावळीरामांचा फोन आला. बातमी थोडी, जळफळाट फार.

"रस्त्याच्या वरच्या अंगाला समद्यांनी द्राक्षांवर प्लास्टिक टाकलं, पोरी. आपलीच बाग उघडी!"

फोन ठेवून तिनं पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. सॉफ्टवेअरमध्ये तिनं वरची जमीन 'शेती' म्हणून भरली होती. म्हणजे बरंचसं पाणी माती पिणार. प्लास्टिक काय पिणार?

तिनं जमीन बदलून पाहिली. मोरी लालभडक. रस्त्यामागे तुंबलेलं पाणी थेट गावातल्याच नवसाबाईच्या वस्तीत शिरत होतं.

"पावसाळ्यात काढतात की प्लास्टिक," लाल स्क्रीन पाहून सर म्हणाले.

"परतीच्या पावसात असतं, सर."

"बरं. मोरी मोठी केली, तर खाली पाणी कुणाकडं जाईल?"

तिनं नकाशा खाली सरकवला. खाली ओढा, ओढ्याकाठी सावळीरामांची बाग. माणसाची दुखरी जागा शोधायला सरांना सॉफ्टवेअर लागत नसे.

तिनं घरी फोन लावला. "आबा, मोरी मोठी करावी लागंल. पाणी आपल्या बागेत येईल."

"आन् बारीक ठिवली तर?"

"नवसाबाईच्या घरात."

"ती काय आपली सोयरी हाय? बांधावरून लय भांडली माझ्याशी!"

"तिच्या घरात तान्हं पोर हाय, आबा."

"मग मला कशाला इचारती?" फोन बंद.

तिनं मोठी मोरी घातली. हिरवी झाली. आता नकाशाच्या कोपऱ्यात डिझाइन करणाऱ्याचं नाव; सरांना आद्याक्षरं चालत नसत. हा नकाशा ग्रामपंचायतीत लागणार, अख्खं गाव वाचणार. तिनं 'तेजस्विनी' लिहिलं. थांबली. मग त्यापुढे, रीतीप्रमाणे, 'सावळीराम' लिहिलं.