चर्चची घरभेट

आमच्या बंदरावर गिचोलसारखा भला माणूस नाही, असं चर्चमधलं कोणीही सांगेल. पहाटेच्या प्रार्थनेला तो सगळ्यांच्या आधी हजर. घरी जाऊन माझ्या धाकट्या बहिणीला, सोरानला, बदडतो, हे मात्र मी सांगते. मी मासळी विकते, चर्चची पायरी चढत नाही, त्यामुळे मला कोणाची भीड नाही.

सोरान भाबडी. नवरा मारतो, हे तिने प्रार्थनागट चालवणाऱ्या प्यो बाईंच्या कानावर घातलं. त्यांच्यात दुःख सांगायचं म्हणजे 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हणायचं. प्यो बाईंनी अगदी मनापासून केली. शुक्रवारी भर चर्चमध्ये, हात वर करून, खणखणीत आवाजात: "प्रभू, भाऊ गिचोलच्या हाताला आवर घाल." सगळ्यांनी आमेन म्हटलं. गिचोलनेही म्हटलं. घरी गेल्यावर त्याने सोरानचा उजवा हात दाराच्या चौकटीवर दाबून धरला आणि दार आपटलं. तीन बोटं मोडली. ती अनवाणी माझ्याकडे पळत आली, ती परत गेलीच नाही.

पण पुढच्या महिन्यात चर्चमध्ये वडीलपदासाठी, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्याच्या मानाच्या जागेसाठी, मतदान होतं आणि गिचोल उभा होता. रविवारी शेजारी बायको नसली तर लोक मत देतील का? म्हणून तिला न्यायला घरभेट निघाली. चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, प्यो बाई आणि खुद्द गिचोल. पाळकांना दारातून कसं हाकलायचं? मी बैठं टेबल मांडलं आणि नासपती सोलायला बसले. गिचोल सरळ सोरानच्या शेजारी, तिच्या नि माझ्या मधे, जाऊन टेकला. ती आक्रसून बसली.

"सोरानबाई, सैतान घर फोडायला टपलेलाच असतो," पाळक म्हणाले.

"बोटंही त्यानेच फोडली वाटतं," मी म्हटलं.

"ताई, चुकलं माझं. देवापुढे रात्रभर रडलोय मी," गिचोल म्हणाला. डोळ्यांत पाणीसुद्धा होतं मेल्याच्या.

"जिची बोटं मोडलीस तिच्यापुढे रडायचं होतंस."

"देवाने माफ केलं, आता तूही कर गं," प्यो बाईंनी सोरानला समजावलं. "आपण सगळे पापीच आहोत."

पाळक म्हणाले, प्रार्थना करू. त्यांची रीत अशी की तीनदा मोठ्याने प्रभूला हाक मारायची आणि मग जो तो डोळे मिटून, गळा काढून आपापलं मागणं मागत सुटायचा. घर दणाणलं. शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येईना. प्रार्थना न करणारी मी एकटी, त्यामुळे डोळे उघडे.

गिचोलचा एक हात आभाळाकडे होता. दुसऱ्या हाताने त्याने टेबलाखाली सोरानचं बँडेज पकडलं होतं आणि तो ते पिळत होता. तोंडाने 'प्रभू, माझं घर सांध' चाललेलं. सोरान ओरडत होती. तिचं तोंड मला दिसत होतं, आवाज मात्र त्या कल्लोळात मिसळून गेला होता. पाळकांना वाटलं, पोरीचं मन द्रवलं. त्यांनी आणखी सूर चढवला.

माझ्या हातात सुरी होती. मी ती त्याच्या मांडीत खुपसली. त्याने सोडलं नाही, तेव्हा पुन्हा खुपसली आणि आत फिरवली. रेड्यासारखा हंबरला तो.

"आमेन," प्यो बाई डोळे मिटूनच गहिवरल्या. "पवित्र आत्मा उतरला, पाळक, भावावर आत्मा उतरला."

चटईवरचं रक्त त्यांच्या गुडघ्याला लागलं, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले.

पाळकांनी मांडी टॉवेलने आवळली, गिचोलला खांद्याला धरून उठवलं. "प्रार्थना चालू असताना, ताई," एवढंच ते मला म्हणाले. तो पोलिसात जाणार नाही हे मला ठाऊक होतं; मतदान तोंडावर होतं. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

प्यो बाई चपला घालायला वाकल्या. सोरानच्या बँडेजमधून रक्त ठिबकत होतं, ते त्यांना आता दिसलं. पण विचारलं काय त्यांनी? "रविवारी लोक विचारतील, सोरान का आली नाही. काय सांगू?"

"बोटं मोडल्येत, हात जोडता येत नाहीत, असं सांगा," सोरान म्हणाली. "आणि कोणी मोडली तेही सांगा. पण प्रार्थनेत नको. लोकांचे डोळे उघडे असताना सांगा."

प्यो बाई खाली बघत निघून गेल्या. गिचोल बहुमताने निवडून आला.