अंतऱ्याची दुसरी ओळ

चंद्राबाईंनी आयुष्यात एकच रेकॉर्ड दिली, १९३८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी. वडील नाटक कंपनीत पेटी वाजवायचे. त्यांनी मुलीला मिरजेच्या एका बुवांकडे शिकायला ठेवलं होतं. भीमपलासातली एक चीज बुवांनी तिच्याकडून दोन वर्षं संथ लयीत घोटून घेतली. पण तबकडीची बाजू सव्वातीन मिनिटांत संपायची. म्हणून रेकॉर्डिंगला बुवांनी लय दुप्पट केली आणि अंतऱ्याची दुसरी ओळ गाळली. पुढच्या वर्षी चंद्राबाई लग्न होऊन रहिमतपूरला आल्या, आणि गाणं थांबलं.

१९७४ साली सांगलीत बुवांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम ठरला. गायनवर्ग चालवणाऱ्या आक्काताईंनी चंद्राबाईंना शोधून काढून बोलावलं. नवरा, आप्पासो, सोबत गेले.

आक्काताईंनी तीच चीज गायली. लय रेकॉर्डचीच. मुखड्याला चंद्राबाईंचा श्वास रेकॉर्डिंगच्या वेळी जिथं अपुरा पडला होता, तिथं आक्काताईही मुद्दाम थांबल्या. टाळ्या झाल्या. मग आग्रह झाला म्हणून चंद्राबाई गायला बसल्या. बुवांनी शिकवलं होतं तसं, सावकाश, दुसऱ्या ओळीसकट गायल्या. आवाज थकला होता, सूर जागेवर होते.

पुढच्या रांगेतले एक वकील म्हणाले, "बाई, ही ओळ या चिजेत नाही. लयही इतकी संथ नाही. माझ्याकडं रेकॉर्ड आहे."

"असंल," चंद्राबाई म्हणाल्या.

"वकीलसाहेब, ती रेकॉर्ड यांचीच आहे," आक्काताई म्हणाल्या.

लोक हसले. वकील ओशाळले, पण मागं हटले नाहीत. "मग तेव्हाचंच खरं धरायचं. छत्तीस वर्षांत माणूस विसरतं."

चंद्राबाई तंबोरा ठेवून उठल्या. आपल्याला राग यायला हवा, हे त्यांना कळत होतं. आला नाही. परतीच्या गाडीत आप्पासो वकिलाला नावं ठेवत राहिले आणि त्या खिडकीतून ऊस बघत बसल्या.

महिन्याभरानं आक्काताई रहिमतपूरला आल्या. दोन दिवस राहून त्यांनी ती ओळ शिकून घेतली. जाताना म्हणाल्या, "खरं सांगू? संथ लयीत मला ती चीज परकी वाटते. मी तुमच्या रेकॉर्डवरूनच शिकले. माझ्या गळ्यात ती पळते."

"मग पळू द्या."

जूनमध्ये त्यांचं पत्र आलं. रेडिओवर गायचं होतं. लय रेकॉर्डची ठेवून तुमची ओळ घातली तर चालेल का, असं विचारलं होतं.

आप्पासोंनी पत्र वाचून कार्ड पुढं ओढलं. "काय लिवू?"

"गा म्हणावं."

"आन् तुला काय वाटतं त्ये?"

"कायबी वाटत न्हाई वं. लय दिस झालं, असंच हाय."

आप्पासोंनी तेवढंच लिहिलं, 'गा.'

ठरलेल्या दिवशी दोघं रेडिओपाशी बसली. आक्काताईंची लय चपळ होती, गळा तयार होता. दुसरी ओळ आली आणि भर्रकन निघून गेली. आप्पासो बायकोचा चेहरा बघत होते.

"चांगली गायली," चंद्राबाई म्हणाल्या आणि म्हशीला पाणी दाखवायला उठल्या. रेडिओवर गुळाचे भाव लागले. आप्पासो ते ऐकत बसले.